सहा तास अकरा मिनिटं

ईर्या हाउतामाकी, वय एकाहत्तर.
रात्री दहाला तिच्या डोक्याला एकवीस तारा चिकटवल्या मी,
पांढऱ्या केसांत भांग पाडत, बोटानं लेप लावत,
जणू कुणा पोरीची वेणी घालतोय.
"घट्ट बांध," ती म्हणाली, "झोप सुटून जायला नको,"
आणि स्वतःच हसली.

बाहेर ओउलू, उणे तेवीस.
डिसेंबरात इथला दिवस एका कॉफीत संपतो,
उरलेली सगळी रात्रच. माझा पगार तिच्यातूनच येतो.

पडद्यावर ती डावीकडून उजवीकडे सरकत राहिली.
अकरा चाळीसला रेघा मंदावल्या,
मग चातीवर भरलेल्या सुतासारखे छोटे फुगवटे,
मग लांब, आळशी लाटा.
वहीत मी लिहिलं : झोपली.
शाईनं लिहिलं.

सकाळी सात. अंधार होता तसाच.
फॉर्मवर एक प्रश्न असतो :
काल रात्री तुम्ही किती वेळ झोपलात?
तिनं चष्मा लावला आणि शून्य काढलं,
मग ते गिरवलं.
"डोळ्याला डोळा लागला नाही, पोरा."

मला हे नवीन नाही.
उलटेही येतात. गेल्या मंगळवारचा पेन्ती, ट्रकवाला,
तासाला चाळीसदा श्वास अडला त्याचा,
आणि सकाळी आळस देत म्हणतो, मस्त, मेल्यासारखा झोपलो.
मी त्याच्याकडे बघतच राहिलो.

ईर्यापुढे मी कागद पसरला. सहा तास अकरा मिनिटं.
शेजाऱ्याचं विजेचं बिल आपल्या पेटीत यावं
तसा तिनं तो पाहिला, आणि परत दिला.

"तीन वाजून दहा. बर्फ ढकलणारी गाडी आली.
दोन फेऱ्या. चाकाच्या साखळीची एक कडी सैल आहे,
दर वेढ्याला खणकते. मग तू खुर्ची मागे सारलीस,
आणि फोनवर म्हणालास, नको, आता नको."

मी तीन दहा शोधलं.
लाटा. साऱ्या रात्रीतल्या सगळ्यांत खोल.
भुवईसुद्धा हललेली नव्हती.
गाडीचं मला आठवेना.
फोन तीन चौदाचा. तो मी वहीत लिहिला नव्हता.

"चाळीस वर्षं," ती म्हणाली, "इस्पितळाचं टेलिफोन एक्स्चेंज,
रात्रपाळी. दिवा लागायच्या आधीच हात जायचा माझा.
आता एक्स्चेंज पाडलं. कानाला कुणी कळवलंच नाही."

डॉक्टर सारिओला लिहितील :
रुग्ण स्वतःची झोप कमी मोजते.
बरोबरच लिहितील. सैल कडीसाठी रकाना नाही.
आणि तरी, तारा काढताना,
कानामागची शेवटची मी जरा जपूनच सोडवली.
आत कुणीतरी अजून ड्यूटीवर होतं.

केसांतला डिंक विंचरत तिनं विचारलं, "कोण होता?"
भाऊ, मी म्हटलं.
"कर त्याला फोन. तुझा आवाज बरा नव्हता."

घरी आलो. जाड पडदे ओढले, आडवा झालो.
लिफ्ट वर गेली. खाली आली.
चौथ्या मजल्यावर कुणाची तरी पिशवी फाटली,
एक बाटली गडगडत जिन्यापर्यंत गेली, फुटली नाही.
हे सगळं मी ऐकलं.
उठलो तर मनगटावरचं घड्याळ हिरवं होऊन सांगत होतं :
पाच तास चाळीस. छान झोप.

भावाला फोन लावला. बराच वेळ वाजला.
झोपला होतास का, मी विचारलं.
पलीकडे पांघरूण सरकल्याचा आवाज, किंवा नुसता श्वास.
"काय माहीत," तो म्हणाला.
"तूच सांग."